धातू न वितळवता अमॉर्फस कसा होतो? बॉल मिलच्या जारमध्ये नेमकं काय घडतं

धातुवेडा

अमॉर्फस, म्हणजे काचेसारखी अणूंची नियमित रांग नसलेल्या, धातूचा विषय निघाला की वितळलेला रस झटकन गोठवण्याचीच चर्चा होते. ते बरोबरच आहे. १९६० साली कॅलटेकमध्ये पोल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉन मिश्रधातूचा रस सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातल्या वेगाने थंड केला आणि पहिली धातूची काच मिळवली. अणूंना रांगेत बसायला वेळच द्यायचा नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व.

मला आज लिहायचंय ते दुसऱ्या वाटेबद्दल. या वाटेत रस नाही, भट्टी नाही, झटकन थंड करणंही नाही. पोलादी जारमध्ये धातूची पावडर आणि कडक पोलादाचे बॉल भरायचे, आर्गॉन भरून झाकण घट्ट लावायचं आणि मिल चालू करायची. काही तासांनी एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी अणूंची रचना तपासण्याच्या चाचणीच्या) आलेखात स्फटिकाच्या टोकदार पीक, म्हणजे शिखरं, बसायला लागतात. आणखी काही तासांनी तिथे एक रुंद फुगवटा तेवढा उरतो. पंचवीस-तीस वर्षं पावडर मेटलर्जीत घालवूनही मला हे आश्चर्यकारक वाटतं. मार द्यायचा आणि त्यातून सुव्यवस्था मोडायची, हे ऐकायला सोपं आहे. पण सगळे धातू असे मोडत नाहीत. खरा विषय तोच आहे.

आधी थोडा इतिहास. बॉल मिलमध्ये मिश्रधातू करण्याची पद्धत साठच्या दशकात इन्को कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन बेंजामिन यांनी बसवली. त्यांना अमॉर्फस काही करायचं नव्हतं. निकेलच्या सुपरअलॉयमध्ये यिट्रियम ऑक्साइडचे बारीक कण एकसारखे पसरवायचे होते, म्हणजे टर्बाइनच्या उष्णतेत धातू टिकेल. रसात ऑक्साइड टाकला तर तो वर तरंगतो, म्हणून पावडरचा मार्ग. या पद्धतीचा सर्वात मोठा औद्योगिक उपयोग बराच काळ हाच होता. पुढे १९८१ मध्ये सोव्हिएत रशियात एर्माकोव्ह, युर्चिकोव्ह आणि बारिनोव्ह यांनी यिट्रियम-कोबाल्टची तयार संयुगं दळली आणि ती अमॉर्फस झाली. १९८३ मध्ये अमेरिकेत ओक रिजला कार्ल कॉख यांच्या गटाने निकेल आणि नायोबियम यांच्या सुट्या पावडरी ६०:४० अणुप्रमाणात एकत्र दळून अमॉर्फस मिश्रधातू मिळवला.

या दोन प्रयोगांत मोठा फरक आहे. रशियन प्रयोगात सुरुवातीलाच एकजीव संयुग होतं. त्यातल्या धातूंचं प्रमाण बदललं नाही, फक्त रचना मोडली. ओक रिजच्या प्रयोगात दोन शुद्ध धातू होते. तिथे आधी मिसळणं व्हायला हवं आणि मिसळता मिसळताच स्फटिक टळायला हवा. पहिल्याला मिलिंग म्हणतात, दुसऱ्याला मेकॅनिकल अलॉइंग. बाहेरून मिल तीच, बॉल तेच, शेवटचा एक्सआरडीही सारखाच. आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात.

आधी मिसळण्याचं बघू, निकेल-टायटॅनियमचं उदाहरण घेऊन. दोन बॉल एकमेकांवर आदळतात तेव्हा मध्ये पावडरचा छोटा ढीग अडकतो. निकेल आणि टायटॅनियमचे कण चपटे होतात, एकमेकांवर दाबून चिकटतात. याला कोल्ड वेल्डिंग म्हणतात. पुढच्या टकरीत तो चपटा तुकडा कडक होऊन तुटतो, पुन्हा दुसऱ्या तुकड्याला चिकटतो. चिकटणं आणि तुटणं आलटून पालटून चालत राहतं. थोडी पावडर काढून, रेझिनमध्ये बसवून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली पाहिली तर एकाच कणात दोन्ही धातूंचे थर एकाआड एक दिसतात. चिरोटा कापल्यावर पापुद्रे दिसावेत तसे. सुरुवातीला थर काही मायक्रॉन जाडीचे असतात. मग ते वेडेवाकडे होतात, पातळ होत जातात आणि शेवटी साध्या मायक्रोस्कोपला दिसेनासे होतात. अणूला समोरच्या थरात जायला आता फार प्रवास उरलेला नसतो.

इथे १९८३ चाच आणखी एक प्रयोग समोर ठेवायला हवा, कारण त्यात मिलच नव्हती. श्वार्झ आणि जॉन्सन यांनी सोनं आणि लँथनम यांच्या पातळ फिल्म एकावर एक ठेवल्या आणि हलक्या आचेवर तापवल्या. त्या आपोआप अमॉर्फस झाल्या! ना मार, ना रस. त्यांनी दोन अटी सांगितल्या. एक, दोन्ही धातूंना एकमेकांत मिसळायची ओढ जबरदस्त हवी, म्हणजे मिश्रणाची उष्णता बरीच ऋण हवी. निकेल-टायटॅनियमला ती मोलमागे सुमारे उणे ३५ किलोज्यूल धरतात, निकेल-झिर्कोनियमला उणे ४९. दोन, एका धातूचे अणू दुसऱ्यात झपाझप शिरायला हवेत आणि दुसऱ्याचे अणू जवळजवळ जागचे हलायला नकोत. निकेलचा अणू लहान आहे, त्रिज्या १.२५ अँगस्ट्रॉमच्या आसपास, झिर्कोनियमची १.६. झिर्कोनियममध्ये निकेल सुसाट जातं, झिर्कोनियम मात्र बसून राहतं.

मग संयुगाचा स्फटिक का बनत नाही? कारण त्याला दोन्ही जातींचे अणू ठरलेल्या जागी बसवावे लागतात आणि त्यातली एक जात हलायलाच तयार नसते. अमॉर्फस रचनेला ठरलेल्या जागाच नाहीत. एक जात हलली तरी ती वाढू शकते. ऊर्जेच्या दृष्टीने संयुग सर्वात खाली आहे, अमॉर्फस त्याच्या वर. पण त्या तापमानाला खालच्या पायरीवर जायला वेळ लागतो आणि मधली पायरी लगेच मिळते. मिल दोन कामं करते: थर पातळ करून अंतर कमी करते आणि दोष भरून अणूंच्या वाटा मोकळ्या करते.

तयार संयुगाचं गणित वेगळं. तिथे मिसळण्यातून मिळणारी ऊर्जा आधीच खर्च झालेली असते. म्हणजे मिलला त्या स्फटिकाची ऊर्जा वर ढकलून अमॉर्फसच्या वर न्यावी लागते. हे होतं तीन मार्गांनी: डिसलोकेशन (अणूंच्या रांगेतले रेषेसारखे दोष), ग्रेन बाउंडरी (दोन स्फटिककणांमधल्या, म्हणजे ग्रेनमधल्या, सीमा), आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे चुकीच्या जागी बसलेले अणू. क्रमबद्ध संयुगात निकेलच्या जागी टायटॅनियम आणि टायटॅनियमच्या जागी निकेल बसवलं की ऊर्जेचा मोठा साठा होतो. ५०:५० चं निकेल-टायटॅनियम संयुग अशा माराखाली अमॉर्फस होतं. तीन भाग निकेल, एक भाग अ‍ॅल्युमिनियमचं संयुग होत नाही. त्याचा क्रम मोडतो, ग्रेन नॅनोमीटरवर येतात आणि ते साध्या घन द्रावणातच थांबतं. शुद्ध धातूही असेच थांबतात. लोखंड किंवा निकेल कितीही दळा, नॅनोस्फटिक मिळतील, काच नाही.

शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हा धागा काढला. आपल्याकडच्या कित्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक्सआरडीचा फुगवटा दाखवून 'अमॉर्फस झालं' असं लिहून मोकळे होतात. नुसत्या फुगवट्यावर हे सिद्ध होत नाही. खाली कुणी विचारलं तर सविस्तर लिहितो.

---

भौतिकवाला

उत्तम लेख. वाचनखूण साठवली.

दोन शंका. बॉल आदळतात तिथे क्षणभर तरी धातू वितळत नसेल कशावरून? वितळलेला सूक्ष्म भाग आजूबाजूच्या थंड धातूमुळे लगेच गोठेल आणि मग ही डुवेझ यांचीच वाट झाली. दुसरी शंका: तुम्ही ज्याला अमॉर्फस म्हणताय ते निव्वळ फार बारीक स्फटिक नसतील कशावरून? पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार सांगणाऱ्या शेररच्या सूत्राने मी ढोबळ हिशेब केला. तांब्याचा क्ष-किरण, ४२ अंशांजवळची पीक. २० नॅनोमीटरचा स्फटिक असेल तर पीकची रुंदी सुमारे ०.४ अंश येते, २ नॅनोमीटरचा असेल तर ४ अंशांच्या वर. त्यात स्ट्रेनची (स्फटिकात साठलेल्या ताणाची) भर घातली तर फुगवटाच दिसेल की!

---

धातुवेडा

भौतिकवाला, दोन्ही शंका मुळाशी जाणाऱ्या आहेत.

वितळण्याची शंका सुरुवातीच्या लोकांनाही आली होती. श्वार्झ आणि कॉख यांनी १९८६ मध्ये निकेल-टायटॅनियमच्या पावडरीसाठी टकरीत होणारी तापमानवाढ हिशेबाने मांडली. ती शंभर अंशांच्याही बरीच खाली निघाली. निकेल-टायटॅनियममध्ये सर्वात कमी तापमानाला रस होतो तो ९४२ अंश सेल्सियसला. मध्ये केवढं अंतर आहे बघा. जारचं अंग हाताला चटका बसेल इतकं तापतं हे खरं, पण रस होण्याच्या जवळपासही नाही.

दुसरा पुरावा मला जास्त पटतो. रस गोठवून काच करताना ती सहज मिळते खोल युटेक्टिक म्हणतात त्या प्रमाणाच्या आसपास, कारण तिथे रस सर्वात कमी तापमानापर्यंत रस म्हणून टिकतो. मिलमध्ये अमॉर्फस होणाऱ्या प्रमाणांचा पट्टा युटेक्टिकला जुमानत नाही. तो मधल्या प्रमाणांवर, ५०:५० च्या दोन्ही बाजूंना, सलग पसरलेला असतो. वाट एकच असती तर नकाशाही एकच आला असता. टायटॅनियम-निकेल आणि टायटॅनियम-तांबे या जोड्यांमध्ये हा पट्टा कुठून कुठपर्यंत जातो यावर आपल्याकडे बी. एस. मूर्ती आणि एस. रंगनाथन यांनी नव्वदच्या दशकात फार चांगलं काम केलं आहे. मेकॅनिकल अलॉइंगवर जगभर वाचला जाणारा मोठा आढावा सी. सूर्यनारायण यांचा, २००१ चा. तेही बनारस हिंदू विद्यापीठाच्या मेटलर्जीच्या परंपरेतले. हे मुद्दाम सांगतोय, कारण इंजिनिअरिंगच्या मुलांना ही नावं माहीत असायला हवीत.

बारीक स्फटिकांच्या शंकेला उत्तर एक्सआरडीत नाही, तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. डीएससी लागतं, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता सोडतो किंवा घेतो ते मोजणारं यंत्र. त्यावर रात्री लिहितो.

---

नीरजा_प

नमस्कार सर. मी एमटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नेमकं हेच काम करतेय: ५०:५० टायटॅनियम-निकेल, प्लॅनेटरी मिल, कडक पोलादाचा जार, बॉल आणि पावडरचं वजन १०:१. सुरुवातीला टायटॅनियम आणि निकेलच्या पीक रुंद होत गेल्या आणि ४२-४३ अंशांवर छान फुगवटा आला. गाईड खूश, मी खूश. पण आणखी दळल्यावर फुगवट्याच्या डाव्या अंगाला, ३७ अंशांच्या जरा अलीकडे, एक नवीन पीक डोकं वर काढतेय. ६२ च्या जवळही काहीतरी आहे. लॅबमध्ये एकाने सांगितलं की टायटॅनियमचा नवा एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू असलेल्या जाळीचा) फेज मिळालाय, पेपर लिही. मला धाकधूक वाटतेय. जारच्या झाकणाची ओ-रिंग (हवाबंद ठेवणारी रबरी कडी) जुनी आहे, नवीन मागवली तर महिनोन्‌महिने येत नाही.

---

धातुवेडा

नीरजा, धाकधूक वाटतेय हे चांगलं लक्षण आहे. पेपर लिहू नका, आधी ओ-रिंग बदला.

३६.७, ४२.६ आणि ६१.८ अंश. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टायटॅनियम नायट्राइडच्या पीक तांब्याच्या किरणांना इथेच येतात. मधली ४२.६ तुमच्या फुगवट्यात लपलेली आहे, म्हणून तुम्हाला दोनच दिसतायत. नायट्राइडची जाळीही एफसीसी असते, जाळीचं माप ४.२४ अँगस्ट्रॉम. मिलमध्ये 'नवा एफसीसी टायटॅनियम' किंवा 'नवा एफसीसी झिर्कोनियम' सापडल्याचे दावे अनेकदा झाले आणि बहुतेकांच्या मुळाशी नायट्रोजन किंवा ऑक्सिजन निघाला.

असं का होतं ते नीट समजून घ्या. प्रत्येक टकरीत टायटॅनियमचा नवाकोरा पृष्ठभाग उघडा पडतो. उघडं टायटॅनियम हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन अधाशासारखं ओढून घेतं. आत शिरलेली हवा अशी शोषली गेली की दाब उतरतो आणि ढिल्या ओ-रिंगमधून बाहेरची हवा आणखी आत येते. जार उघडताना झाकण आतून धरून ठेवल्यासारखं घट्ट लागतं का, ते बघा. लागत असेल तर हवा आत शिरल्याची ती खूण.

खात्री करायची असेल तर पावडरमधला नायट्रोजन आणि ऑक्सिजन इनर्ट गॅस फ्यूजनच्या यंत्रावर मोजून घ्या. तुमच्या कॉलेजात नसेल तर पोलाद कारखान्यांच्या लॅबमध्ये ते असतं, विनंती केली तर नमुना घेतात. शिवाय ईडीएसवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला जोडलेल्या, मूलद्रव्यं ओळखणाऱ्या साधनावर) लोखंड बघा. जार आणि बॉल झिजून लोखंड पावडरीत येतंच, आणि जास्त वेळ दळलं तर ते दुर्लक्ष करण्याइतकं राहत नाही. ५०:५० म्हणून जे तुम्ही मोजताय ते मग तीन धातूंचं मिश्रण असतं.

यावर एक जुना उपाय आहे. त्याच मिश्रणाची एक खेप आधी दळून फेकून द्यायची. त्यामुळे जारच्या भिंतीवर आणि बॉलवर त्याच पावडरीचा थर बसतो आणि पुढच्या खेपेला झीज कमी मिसळते. हा जार मग दुसऱ्या कुणाला दुसऱ्या धातूसाठी देऊ नका, कितीही मैत्री असो.

स्टिअरिक अ‍ॅसिड घालताय का? पावडर भिंतीला चिकटते म्हणून एक-दोन टक्के घालतात. पण त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन तिन्ही आहेत, आणि टायटॅनियम तिन्ही घेतं. टायटॅनियम-झिर्कोनियमसाठी मी ते टाळा म्हणेन. थोडं दळा, जार थंड होऊ द्या, ग्लव्ह बॉक्समध्ये (आर्गॉन भरलेल्या, हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) उघडून चिकटलेली पावडर खरवडा, पुन्हा लावा. वेळखाऊ आहे, पण आकडे विश्वासाचे येतात.

---

पावडरवाला

थंड होऊ द्या म्हणालात त्यावर जोर देतो. मी मॅग्नेशियम आणि टायटॅनियम पावडरच्या धंद्यात आहे. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मुलाने मिल थांबल्याबरोबर जार बाहेरच्या टेबलावर उघडला. हवा लागली आणि पावडरने पेट घेतला. भुवया गेल्या, डोळे वाचले ते चष्म्यामुळे. घाबरून कुणीतरी पाण्याची बादली उचलली होती, ती दुसऱ्याने धरून ठेवली म्हणून पुढचं टळलं. टायटॅनियम, झिर्कोनियम, मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी कधीच नाही. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही, हे धातू त्यातही जळत राहतात. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर हाताशी हवी. टेबलाखाली नव्हे, हाताशी.

दळलेल्या पावडरीला एकदम हवा दाखवायची नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये किंचित ऑक्सिजन हळूहळू सोडून तिच्यावर पातळ ऑक्साइड बसू द्यायचा, मग बाहेर काढायची. थोड्या नमुन्यालाही हाच नियम.

---

नीरजा_प

सर, पावडरवाला काका, दोघांचेही मनापासून आभार. झाकण खरोखर घट्ट लागतं! मला वाटायचं थ्रेड खराब झालेत. आणि लॅबमध्ये वाळूची बादली नाही, उद्याच ठेवते.

---

वीजतंत्री

मी वितरण ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रात आहे. आमच्याकडे अमॉर्फस कोअर म्हणजे लोह-सिलिकॉन-बोरॉनची पट्टी, जेमतेम २५ मायक्रॉन जाडीची. नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, सीआरजीओ (नेहमीच्या सिलिकॉन पोलादाच्या) कोअरच्या तुलनेत फार कमी. ॲनीलिंगनंतर (ताण घालवण्यासाठी तापवल्यावर) पट्टी इतकी ठिसूळ होते की हाताळताना जपावं लागतं. प्रश्न असा: हाच माल मिलमध्ये करता आला तर पट्टीची कटकट जाईल का? पावडर दाबून हवा तो आकार देता येईल.

---

धातुवेडा

वीजतंत्री, पट्टीच्या जागी मिलची पावडर येईल असं मला वाटत नाही. फिरत्या चाकावर रस सोडला की किलोमीटरच्या किलोमीटर पट्टी निघते, तीही स्वच्छ. मिलमध्ये तेवढा माल करायला प्रचंड वेळ आणि वीज जाते, वर झिजेचं लोखंड आणि ऑक्साइड. पावडर दाबली तरी कणांमध्ये पोकळी राहते, तिथे चुंबकीय प्रवाह अडखळतो आणि मिलिंगचा स्ट्रेन कोअर लॉस वाढवतो. बोरॉनची आणखी एक अडचण आहे. तो कडक आणि ठिसूळ, लोखंडाच्या थरांत शिरून मिसळायला फार कुरकुरतो.

जिथे रसातून काम होतंच नाही तिथे मिलला पर्याय नाही. अशा जागा शोधायला हव्यात.

---

रसायनी

तिथे मी भर घालते. मॅग्नेशियम आणि निकेल घ्या. निकेल वितळतं १४५५ अंशांना. मॅग्नेशियम त्याच्या कितीतरी आधी, १०९० अंशांना उकळून वाफ होतं. शिवाय समतोलात यांची संयुगं दोनच: दोनास एक मॅग्नेशियम-निकेल आणि एकास दोन. ५०:५० चं स्थिर संयुगच अस्तित्वात नाही. पण मिलमध्ये ५०:५० प्रमाणात दळलं की अमॉर्फस मॅग्नेशियम-निकेल मिळतं आणि ते खोलीच्या तापमानाला अल्कलाइन सेलमध्ये हायड्रोजन घेतं-सोडतं. स्फटिकी दोनास-एक संयुग त्या तापमानाला हे जवळजवळ करतच नाही. नव्वदच्या दशकात जपानमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या ऋण इलेक्ट्रोडसाठी यावर खूप काम झालं. अडचण टिकण्याची: काही चक्रांतच मॅग्नेशियमवर हायड्रॉक्साइड बसतो आणि क्षमता ढासळते.

दुसरं उदाहरण धातूंचं नाही, पण मार तोच. लिथियम सल्फाइड आणि फॉस्फरस सल्फाइड एकत्र दळून काचेसारखं घन इलेक्ट्रोलाइट करतात. ओसाकामधल्या तात्सुमिसागो यांच्या गटाने ही वाट रुळवली. आज ज्या सॉलिड-स्टेट बॅटरीची चर्चा चालते तिच्यामागे हे दळण आहे.

---

मांडवीकाठ

गोव्याहून, फार्मातला माणूस. आम्हाला हाच प्रकार उलट्या बाजूने भेडसावतो. औषधाची पावडर बारीक करायला मिलमध्ये घातली की पृष्ठभाग थोडा अमॉर्फस होतो. अमॉर्फस भाग पाण्यात लवकर विरघळतो, म्हणजे मुद्दाम केला तर फायदा. पण नकळत झाला तर साठवणुकीत तो हळूहळू पुन्हा स्फटिक होतो आणि गोळीचं वागणं बदलतं.

इंडोमेथॅसिनचं उदाहरण आमच्याकडे शिकवतात. ४ अंश सेल्सियसला दळलं तर अमॉर्फस, ३० अंशांना दळलं तर दुसऱ्या स्फटिकरूपात जातं. त्याचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे काच मऊ व्हायला लागते ते तापमान, ४२ अंशांच्या आसपास आहे. साधारण नियम असा की त्या तापमानाच्या बरंच खाली दळलं तर काच, जवळ किंवा वर दळलं तर दुसरा स्फटिक. धातूंमध्येही असंच आहे का?

---

धातुवेडा

मांडवीकाठ, अगदी तसंच आहे आणि तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला.

एकर्ट, शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये निकेल-झिर्कोनियम प्लॅनेटरी मिलमध्ये वेगवेगळ्या तीव्रतेला दळलं. वेग वाढवला की काम लवकर होईल असं आपल्याला वाटतं. सर्वात जास्त तीव्रतेला मात्र काही प्रमाणांत स्फटिकी संयुगं निघाली. मार वाढला, पावडर तापली, झिर्कोनियमचे बसून राहिलेले अणू हलायला लागले आणि संयुगाला जे हवं होतं ते मिळालं.

म्हणून मी याकडे दोन वेगांची स्पर्धा म्हणून बघतो. प्रत्येक टकरीत काही अणू जागेवरून उडतात. दोन टकरींच्या मधल्या वेळात उष्णतेने काही अणू परत जागेवर येतात. उडणाऱ्यांचा वेग जास्त तर काच, परतणाऱ्यांचा जास्त तर स्फटिक. जॉर्ज मार्टिन आणि पास्कल बेलॉन यांनी हा विचार गणितात मांडला आहे, किरणोत्साराचा मारा आणि मिलचा मारा दोन्हींसाठी. भौतिकवाला, तुम्हाला तो आवडेल. यातून हेही कळतं की काच ही शेवटची अवस्था असेलच असं नाही. कोबाल्ट-टायटॅनियमच्या ७५:२५ मिश्रणात एल-एस्कंदरानी यांना दळता दळता अमॉर्फस, मग स्फटिक, मग पुन्हा अमॉर्फस असं चक्र दिसलं.

आता राहिलेलं डीएससी. नमुना ठरावीक वेगाने तापवला आणि एक टोकदार उष्णता सोडणारी पीक आली तर बरेच जण समाधानी होतात. माझं म्हणणं, आणखी एक पाऊल टाका. त्या पीकच्या थोड्या खालच्या तापमानाला नमुना नेऊन तिथेच स्थिर धरा आणि वेळेबरोबर उष्णता कशी सुटते ते बघा. खरा अमॉर्फस असेल तर स्फटिकांचे अंकुर फुटावे लागतात, मग ते वाढतात. म्हणून उष्णता आधी शून्याजवळ असते, मग चढते, शिखर गाठते, उतरते. आधीच नॅनोस्फटिक असतील तर अंकुर फुटायचे उरलेलेच नसतात, ते फक्त मोठे होतात, आणि आलेख पहिल्या क्षणापासून खाली खालीच घसरतो. चेन आणि स्पाएपेन यांनी १९८८ मध्ये हा भेद दाखवला. एक्सआरडीला जे दिसत नाही ते इथे स्पष्ट दिसतं, आणि खर्च एका दुपारचा. टीईएम (अणूंच्या रांगा दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मिळालं तर उत्तमच, पण टीईएममध्ये आपण पावडरचा कणभर कोपरा बघतो. डीएससी सगळ्या नमुन्याबद्दल बोलतं.

---

भौतिकवाला

हा समतापी प्रयोग फारच देखणा आहे. शंका मिटली. मार्टिन-बेलॉन शोधतो.

---

नीरजा_प

सर, शेवटचा प्रश्न. समजा नवीन ओ-रिंग लावून पावडर स्वच्छ आणि खरोखर अमॉर्फस मिळाली. तिचा भरीव तुकडा कसा करायचा? आमच्या विद्यापीठात स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (साच्यात दाब आणि विजेचा प्रवाह देऊन पावडर सांधण्याचं यंत्र) आहे.

---

धातुवेडा

स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग चालेल, पण मिश्रधातू बदलावा लागेल. अमॉर्फस पावडर भरीव करायची तर ती ग्लास ट्रान्झिशनच्या वर मऊ व्हायला हवी आणि स्फटिक होण्याआधी काम उरकायला हवं. या दोन तापमानांमधली जागा टायटॅनियम-निकेलमध्ये फारच अरुंद आहे. कण एकमेकांत मुरेपर्यंत स्फटिक सुरू झालेले असतात. झिर्कोनियम-अ‍ॅल्युमिनियम-निकेल-तांबे या चार धातूंच्या मिश्रणात, ज्यात झिर्कोनियम ६५ टक्के आहे, इनोउए यांना १२७ अंशांची जागा मिळाली होती. ती रसातून केलेल्या काचेची. याच कुटुंबातली मिश्रणं दळूनही अमॉर्फस होतात आणि तापवल्यावर मऊ होतात. जर्मनीत एकर्ट-शुल्ट्झ यांच्याच गटाने ते केलं आहे. ऑक्सिजन वाढला की ती जागा आक्रसते, त्यामुळे ओ-रिंगचा मुद्दा इथेही सुटत नाही.

आधी डीएससीवर दोन्ही तापमानं काढा. मग सिंटरिंगचं तापमान त्यांच्या मधोमध नाही, खालच्या टोकाजवळ ठेवा आणि दाब वाढवा. साच्यातला थर्मोकपल पावडरपेक्षा कमी तापमान दाखवतो, कारण विजेचा प्रवाह पावडरमधून जातो आणि थर्मोकपल बहुधा ग्रॅफाइटच्या भिंतीत असतो. तेवढी सूट धरून चला. तुकडा निघाला की मधून कापून कडेचा आणि मधला भाग वेगवेगळा एक्सआरडीला लावा. मधला भाग आधी स्फटिक होतो. आकडे आले की इथेच टाका, पावडरवाला आणि रसायनी दोघांनाही त्यात रस असेल.